तीनदा शीळ

ता. ४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्यापासून तुला एक धड पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

मागच्या अंगणात एक कस्तुर पक्षी आला आहे. पाठ मातकट, छाती फिकी, तिच्यावर शाई झटकल्यासारखे ठिपके. गोगलगाय चोचीत धरून पायरीच्या दगडावर आपटतो, कवच फोडून खातो. इथवर ठीक. पण तो बाबांची शीळ घालतो! शेडमध्ये कुलपं दुरुस्त करताना चहा हवा झाला की घालायचे, तीच. हुबेहूब उचलली आहे मेल्याने. शीळ आली की आई कप भरते, मागचं दार उघडते आणि उभी राहते. दार करकरतं. मी मुद्दाम तेल घातलेलं नाही, ती बाहेर गेली की कळावं म्हणून. हे चूक की बरोबर, रोज स्वतःला विचारते.

लोभ कमी करू नकोस.
तुझी ठमी

ता. ११ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

बाबा गेले हे आईला उमजलेलंच दिसत नाही. रविवारी येतो आणि तिला माझ्याकडे घेऊन जातो. सातव्या मजल्यावर पाखरांची कटकट नाही. तू एकटी किती पहारा देणार? आधीच काटकुळी! तिला सांगून ठेव.

तब्येतीला जप.
तुझा दादा

ता. १५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी हसली. म्हणाली, ते एकदाच शीळ घालायचे, हा एकच लकेर तीन-तीनदा घोळवतो, एवढं न कळायला मी काय बहिरी आहे? आणि चहा? तो तिथे उभी राहून मीच पिते, म्हणाली.

मग दार कशाला उघडतेस, असं मी विचारलं. बराच वेळ कोरडाच कप पुसत राहिली. म्हणाली, कळतं गं सगळं, पण आत बसून ऐकवत नाही. बाहेर जावं तर दार करकरतं, तो भुर्रकन उडतो, पुढचं राहूनच जातं. उन्हाळा कडक झाला की तो गप्प होणार. त्याआधी एकदा तरी शेवटपर्यंत ऐकायचं होतं.

मी तोंड धुवायचं निमित्त करून आत गेले.

रविवारी जरूर ये. न्यायला नको, चहाला ये.

तुझी माया अशीच राहू दे.
ठमी

उद्या: मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल.