एकशे बेचाळीस कुरडया आणि धूळ नसलेली खोली

केडगाव, दि. २० एप्रिल १९७१, मंगळवार, सकाळी ६ वाजून २० मिनिटे. (खोलीच्या दोन दारांमधल्या बोळात ओले पाय वाळवत बसलो आहे.)

तीर्थरूप आत्याबाईंच्या चरणी गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर व राजूरची हवा दोन्ही बरी असतील. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही.

काकासाहेबांच्या शेडमध्ये इंजेक्शनच्या बाटल्या भरायला मी बिनधुळीची खोली बांधत होतो, हे मागे कळवलेच आहे. सागाची चौकट, आतून सनमायका, सांध्यांत लांबी भरलेली, कोपरे गोल (कोपऱ्यात धूळ बसते). पहिले दार लावल्याशिवाय दुसरे उघडत नाही. वरून पंखा गाळलेली हवा आत ढकलतो. खोली पास झाली की मला कायम करणार, असा काकासाहेबांचा शब्द. म्हणून दोन दिवस पेटती उदबत्ती घेऊन धूर कुठे हलतो ते पाहत सांध्यासांध्याशी फिरलो. काकासाहेबांच्या मातोश्री भागूबाई बाहेरून हात जोडत होत्या. (तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

काल पुण्याहून तपासनीस साहेब आले. आतले दार उघडले, तर भागूबाई व त्यांच्या दोन सुना पाय धुऊन, डोकी फडक्याने बांधून, मी दारावर लावलेल्या पाटीवरचे सर्व नियम पाळून कुरडया घालत होत्या!

"आजी, हे काय?"

"तूच बोलला ना, हितं धुळीचा कन न्हाई? मंग कुरडया काय पुने रोडवर घालू? धाकलीनं पाटी वाचलीया. कुरडया घालू नका असं न्हाई लिवलं."

ते खरे होते. (चूक माझी.)

साहेब कामाला लागले. काचेच्या बशा तासभर उघड्या ठेवून त्यांनी भिंगातून पाहिल्या. कण नाही! पण ते माझ्याहून काटेकोर. 'खोलीतील सामान' या रकान्यात त्यांनी मोजून 'कुरडया, ओल्या, नग १४२' असे लिहिले. दुसरी तपासणी येत्या मंगळवारी. सामान तेच व तेवढेच हवे, नाहीतर दोन तपासण्या जुळणार नाहीत. आणि मोजताना साहेबांनी कुरडईला बोट लावले, म्हणून भागूबाई रुसल्या आहेत, पुन्हा घालणार नाही म्हणतात.

बाकी सर्व खुशाल.

आपला,
गहिनीनाथ

ता.क. आत्याबाई, पत्र मिळताच गहू भिजत घाला आणि चीक व साचा घेऊन सोमवारच्या एस.टी.ने या. कुरडया १४२च झाल्या पाहिजेत.

दुसरा ता.क. (दुपारी, पत्र पेटीत टाकण्यापूर्वी) येऊ नका. भागूबाई राजी झाल्या, मंगळवारी घालून देतील. अट एकच, वळीव येईपर्यंत खोली त्यांच्या वाळवणाला. काकासाहेब आईपुढे बोलत नाहीत. बाटल्या श्रावणात भरू म्हणाले. मला मात्र आजच कायम केले, वाळवणावरची पाखरे हाकायला. त्या खोलीत माशीसुद्धा शिरणे शक्य नाही, मीच बांधली आहे. तरी नेमणूक ती नेमणूक. गोठ्यामागे टेकवलेली माझी काठी तेवढी धाडावी. धुऊन, फडक्यात गुंडाळून. आत धूळ चालत नाही.