आत येऊ का?

दादा,

वरच्या कोपऱ्यात पत्ता लिहिलाय, बघ. आयुष्यात पहिल्यांदाच! बेघरांना घर देणाऱ्या एका संस्थेनं मला खोली दिलीय. तिसरा मजला, एक खिडकी, आणि खिडकीत एक कबुतर. ते अगदी वहिनीसारखं मान वाकडी करून बघतं... असो, ते राहू दे.

पहिल्या सकाळी संस्थेच्या बाईंनी दार वाजवलं. मी ताडकन उठले, पिशवी खांद्याला अडकवली, चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन उभी राहिले. इतकी वर्षं कुणी ठकठक केलं की त्याचा अर्थ एकच होता, ऊठ, चालू पड.

बाई म्हणाल्या, "अगं, निघालीस कुठं? आत येऊ का, एवढंच विचारायचं होतं."

"तुमच्याकडे किल्ली आहे ना?"

"आहे की. पण खोली तुझी आहे."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आतूनच ओरडले, "आज नको!" आणि दादा, त्या खरंच गेल्या! दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढलेली बाई, "बरं, उद्या येते" म्हणून उतरून गेली. मी कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत बसले. माझ्या शब्दाला एवढं वजन?

तुझ्या दाराशी मी दोनदा आले होते. तू "ये" म्हणशील याची खात्री नव्हती, म्हणून न वाजवताच परत फिरले. हे लिहून बसलेय, त्यामुळे पत्र तुला पाठवायचा आता धीर नाही, ते उशीखालीच राहणार.

पण कधी आलासच, तर दार वाजव आणि जरा थांब. "ये" म्हणायची मलाही अजून सवय नाही.

तुझीच,
भटकभवानी