जपानचा कारखाना

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे बिनधास्त लिहिते आहे. आज दुपारी ऑफिसात फारसं काम नव्हतं. खिडकीखाली ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, एक शेळी आणि सगळ्यांच्या वर पोरं. पानटपरीवाल्यानं विचारलं, "औंदा कुठला कारखाना?" आपल्याकडे हा प्रश्न असाच विचारतात. गाव कुणी विचारत नाही, कारखान्याचं नाव घेतलं की दिशा कळते, अंतर कळतं, परत कधी येणार तेही कळतं.

मला जग असंच कळत गेलं. दिवाळी झाली की तू, बा आणि मी निघायचो आणि गाळप संपलं की गुढीपाडव्याच्या आसपास परतायचो. जिथं जाऊ तिथं एक धुराडं, मळीचा वास आणि राहायला पाचटाची कोपी. जगात जेवढ्या जागा तेवढी धुराडी, याबद्दल मला शंकाच नव्हती. शाळेच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मला तोंडपाठ असायचा, दुसरा दरवर्षी उसाच्या फडात जायचा. सहावीत गुरुजी जपान शिकवत होते. तिथं कारखाने फार, असं ते म्हणाले. माझ्या ओळखीचा विषय निघाला म्हणून मी लगेच हात वर केला, "गुरुजी, जपानचा कारखाना कवा चालू व्हतो?" वर्ग पोट धरून हसला. अजूनही कुणी जुनं भेटलं की तेवढंच आठवतं त्यांना. गुरुजी मात्र हसले नाहीत. संध्याकाळी ते आपल्या दारात उभे होते. "पोरीला औंदा माघारी ठेवा," म्हणाले, "हिची पुस्तकं सगळी अर्धीच ऱ्हायली."

तू चुलीत काटकी सारत होतीस. "मग मोळ्या कोण बांधील गुरुजी?" एवढंच बोललीस. ते गेल्यावर तू बाशी भांडलीस आणि मला आत्याकडे, तिच्या गावी युसूफ वडगावला, ठेवायचं ठरवून टाकलंस. वर्ष वाईट होतं. पाऊस आलाच नाही, माजलगावचं धरण तळाला गेलं, आणि जवळच्या सहकारी कारखान्यानं बॉयलर पेटवला नाही, कारण गाळायला ऊसच नव्हता. तो चालू असता तर बाजाराच्या दिवशी एखाद्या ट्रकवर बसून तू मला भेटून गेली असतीस. तसंच ठरलं होतं आपलं. पण टोळी कर्नाटकात निघाली.

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर येईपर्यंत तू माझ्याजवळ ओसरीवर बसलीस. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जगाचा नकाशा होता. "दाव बरं, कुठं चाललो आमी," म्हणालीस. मी आपल्या भागावर बोट ठेवलं. पुस्तक मोठं नव्हतं, बोटाखाली बीडही आलं आणि कर्नाटकही.

"बोट काढ की. मला बघू दे."

मी बोट काढलं. खाली नुसता रंग होता. तू वाकून पाहिलंस, मग विचारलंस, "आन मागं गेलतो ती गावं?"

"ती बी हितंच."

"समदी?"

"समदी."

"येवढंच हाय? मग पाय कावून दुखतेत गं माझे?" असं म्हणून तू हसलीस. मला राग आला. मला आफ्रिका दाखवायची होती, समुद्र दाखवायचा होता, आणि तू पायाचं काढून बसलीस. तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

त्यानंतरचं लिहायला फार नाही. एकदा आत्याच्या गावच्या शाळेत गुरुजी आफ्रिकेतल्या नद्या शिकवत असताना आत्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. टोळीच्या मुकादमाचा निरोप आला होता. ताप अंगावर काढलास, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, आणि तिकडंच सगळं उरकलं. फळ्यावरचं नदीचं नाव मी वहीत पूर्ण लिहिलं आणि मग उठले. बा टोळीबरोबरच परत आला, त्याला आधी येता आलं नाही. त्या वर्षी भूगोलाचं पुस्तक माझं पहिल्यांदाच शेवटपर्यंत झालं. वर्गात पहिली आले. आत्यानं पेढे वाटायचे की नाही हे शेजारणीला विचारलं, आणि मग वाटले नाहीत.

तू गेलीस ते गाव कोणतं, हे मी कधी विचारलं नाही आणि बानं सांगितलं नाही. तोही जायच्या थोडं आधी, पाणी पिता पिता, एकदा ते नाव बोलून गेला. मी ते कुठं लिहिलं नाही. विसरलेही नाही.

मागच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एकीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही बायका गाडी करून कर्नाटकात गेलो. वाटेत ड्रायव्हर म्हणाला, पुढं चहा चांगला मिळतो, आणि त्यानं तेच नाव घेतलं. मी उतरले. रस्ता, दोन टपऱ्या, पलीकडे ऊस. काहीतरी होईल म्हणून मी वाट पाहिली. काही झालं नाही माय, रडूसुद्धा आलं नाही. मी उसाकडे पाहतेय हे बघून एकीनं विचारलं, "ओळखीचं गाव आहे का?" मी नाही म्हटलं. चहा खरंच चांगला होता. मी दुसरा कप मागून घेतला.