भ की म?

हुबळी, १४ ऑगस्ट २००३

चि. सौ. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या आईंचे गुडघे आता कसे आहेत? तू उणकलचं सासर सोडून बेळगावला माहेरी गेलीस त्याला दीड महिना झाला, आणि मी आज लिहायला बसले आहे.

निवृत्तीनंतर यांनी बाहेर जाणं जवळजवळ टाकलंच होतं. मग एकाएकी रोज दुपारी लूनावरून उणकलला. विचारलं तर म्हणायचे, "भार्गवी संगणकाच्या पडद्यासाठी अक्षरं करते आहे. जुन्या संगणकावर असत तशी, चौकोन भरून." शाळेत तुला मराठी शिकवलं, एवढ्यावर रोज तीन तास? मला पटलं नाही.

एकदा पिशवी तपासली. ग्राफच्या कागदांवर पानोपान काळे केलेले चौकोन, आणि अक्षर एकच. भ. तुझ्या नावातलं. मी दुसरं काय समजणार?

जेवताना तुझं नाव मुद्दाम काढायची. हे माझ्या नजरेला नजर देत नसत, बाजूला कुठेतरी बघत.

परवा ते कागद त्यांच्यापुढे टाकले. त्यांनी एक उचलून तिरका धरला.

"हा भ आहे की म, तूच सांग," म्हणाले. "मला नजरेच्या मधलं दिसत नाही, कडेकडेचंच दिसतं. वर्ष झालं. भ च्या डोक्यावरची फट चौकोनांत बुजते. भार्गवी एकेक चौकोन बदलायची, मी लांबून वाचायचो. मला वाचता आलं की ते अक्षर पक्कं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू लूना काढून घेतली असतीस."

घेतलीच असती. तरी माझ्याआधी तुला कळलं, हे अजून खुपतं. खोटं कशाला लिहू?

आता जे लिहायचं टाळते आहे ते. जूनमध्ये तुझ्या सासऱ्यांना निनावी पत्र गेलं. त्यावरून तुझा संगणक बंद झाला, तुला माहेरी धाडलं, अक्षरं अर्धी राहिली. ते पत्र मी लिहिलं. डाव्या हाताने.

उद्या उणकलला जाऊन तुझ्या सासऱ्यांना हे तोंडाने सांगणार आहे. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. परत जायचं की नाही, ते तू ठरव. क्षमा मागत नाही. तू देऊन टाकशील आणि मी सुटेन.

हे पत्र कुणालाही दाखव.

कुसुमावती बाळाचार्य कट्टी