मागं न घेता कोकण

४ जानेवारी, ताडकळस
कॅरव्हॅन तयार. चुडाव्याच्या वेल्डरनं दोन चाकांवर पत्र्याची खोली बसवून दिली. आत पलंग, गॅस, पंखा. बोलेरोला जोडायची आणि थेट कोकण. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, धम्मशीलेनं अजून समुद्र पाहिला नाही. मी स्वतः चालवत नेणार, असा शब्द दिलाय.

७ जानेवारी
मेव्हणा धम्मानंद आला. म्हणतो, दाजी, रिव्हर्स शिकून घ्या, मागचं उलटं वळतंय. दिवसभर गल्लीबोळात ट्रॅक्टरनं पाण्याचा टँकर घालणारा माणूस मला शिकवणार. तरुणपणी मी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्यात. कधी मागं घ्यावं लागलं नाही. समोरचाच बाजूला व्हायचा.

८ जानेवारी
तरी प्रॅक्टिस करणार होतो. बाजारामुळं गर्दी. उद्या नक्की.

९ जानेवारी
राहिली. कॉन्फिडन्स महत्त्वाचा.

१० जानेवारी, सकाळी ११
धम्मशीलेला घेऊन निघालो. गंगाखेडला चहाला थांबलो, तर मोटारसायकलवर धम्मानंद. म्हणे, इकडं काम हाय. राणीसावरगावला पुन्हा दिसला. बिचाऱ्याला कामं फार.

दुपारी १२.३०
डोंगरातलं अरुंद वळण. समोरून एसटी. हॉर्न वाजवत राहिलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून डबा उघडला.

दुपारी १.१५
किंचित मागं घेतलं. कॅरव्हॅन भलतीकडंच गेली. आता ती आणि बोलेरो काटकोनात आहेत. अजून परभणी जिल्हाच संपला नाही. मागं तीन जीप, एक मोटारसायकल. धम्मानंदच.

दुपारी २
त्यानं चार मिनिटांत सगळं सरळ मागं घेतलं. एसटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धम्मशीला म्हणाली, मीच बोलावलंय त्याला. तुमी रुसताल म्हणून लांबून यायलाय.

म्हणजे शब्द माझ्याकडून घेतला आणि फोन भावाला केला. पंचवीस वर्षांत एवढं वाईट वाटलं नव्हतं. म्हणालो, घरी चल. ती म्हणाली, समुद्र तुमच्यासंगंच बघायचाय. गाडी मातर धम्या चालवील.

दुपारी २.४०
ते पुढं गेले. मोटारसायकल कुणीतरी आणायला हवी, म्हणून मी मोठ्या मनानं मागं राहिलो.

दुपारी ३.१०
किक बसत नाही. बायकोनं फसवलं, मेव्हण्यानं फसवलं, आता हिनं. मदतीसाठी फोन करणार नाही, हे पक्कं. तसंही रेंज नाही. तीनदा बघितलं.