एका हॉलात दोन व्याही

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
आजपासून रोज लिहिणार. पितृपंधरवडा संपला, नव्या कामाला हरकत नाही. काम म्हणजे हॉल. सूनबाईचा, हर्षालीचा, पुण्याहून फोन. म्हणाली, नाना, आपला हॉल दवाखान्यासारखा दिसतो. तुम्ही आणि अण्णा मिळून सजवा, आपापल्या आठवणीतल्या वस्तू लावा, जुन्या बाजारातून काही आणा, हल्ली तेच चालतं. बारा तारखेला येतो बघायला. मागून आमचा मुलगा दीपक ओरडला, तुमचं दोघांचं जमतंय का तेही बघू. नसेल जमत तर दुसरी सोय करू.
अण्णा म्हणजे हर्षालीचे वडील, माझे व्याही नाथाराव, सटाण्याचे. त्यांची बायको गेली, माझीही गेली. मुलं पुण्याला गेली आणि नाशिकरोडच्या या फ्लॅटमध्ये आम्हा दोघांना एकमेकांच्या सोबतीला ठेवून गेली. मला सोबत लागत नाही. शिवाय मी मुलाचा बाप, म्हणजे घरचा. दुसरी सोय व्हायचीच तर त्यांची होईल. हॉल असा सजवतो की हा फ्लॅट कोणाचा, ते दारातच कळावं.
‘मिळून’ हा शब्द मनावर घेतलेला नाही.

२३ सप्टेंबर. पहाटे.
व्याही उजाडायच्या आत उठून चहा करतात. भांड्यांचा आवाज. झोपमोड. चहा बरा होता. माझी बीपीची गोळी बशीत काढून ठेवली होती. मला काय गोळी सापडत नाही?
त्यांचं एक पालुपद आहे. मुलीच्या घरी बाप पाव्हणा शे. ‘आहे’ला ते ‘शे’ म्हणतात, सटाण्याकडची बोली. आधी इथलं पाणी पीत नव्हते, नात झाल्यावर जेवायला लागले. म्हणतात, निरोप मिळाला की पिशवी उचलायची, थांबायचं नाही. चांगला विचार आहे. पण निरोप द्यायचा कोणी? मी पडलो भिडस्त.

२४ सप्टेंबर, बुधवार.
गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेलो. व्याही पिशवी धरायला. भिंतीवर लावायचं हरणाचं डोकं घेतलं. प्लास्टिकचं आहे, पण चार हात लांबून कळत नाही. एक शिंग नाही. व्याही म्हणाले, झुंबरराव, याचं दुसरं शिंग कुठं शे? मी म्हटलं, जुन्या वस्तूत असं असतंच. कांद्याच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही या माणसाने.
पोळ्या करणारी सुलाबाई म्हणाली, बाबा, ते माझ्याकडं बघतंय, त्याचं तोंड फिरवा. तिला कलेतलं काय कळणार.

२६ सप्टेंबर.
व्याह्यांनी आपली ट्रंक उघडली. निघालं काय? बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ, कांदे तोलायचा तराजू आणि बायकोचा, कुसाबाईंचा, फोटो. हा माणूस हॉलला गोठा करणार.
माझ्या वस्तू: एकलहऱ्याच्या वीज केंद्रातलं पिवळं हेल्मेट, बंद पडलेलं प्रेशर गेज, निवृत्तीच्या वेळी मिळालेली शिल्ड. याला इंडस्ट्रियल लूक म्हणतात. नातीच्या मोबाइलवर पाहिला होता. व्याह्यांना सांगितलं, मी टर्बाइनवर होतो. सुलाबाई पोळी लाटता लाटता म्हणाली, माझा भाऊ तिथंच होता, तो तर म्हणतो तुम्ही कोळसा उतरवायला होते. कोळशाशिवाय टर्बाइन चालतं का, हे या बाईला कोणी समजवावं? उद्यापासून तिच्याशी कामापुरतं बोलणार.

२९ सप्टेंबर.
वरच्या मजल्यावरून ड्रिल मागून आणलं. विजेच्या खात्यात आयुष्य गेलं, भिंतीत काय कुठून जातं ते हात ठेवला तरी कळतं. हात ठेवला. भोक पाडलं. पाण्याची लाइन निघाली. कारंजं.
व्याह्यांनी भोकात अंगठा दाबला आणि उभे राहिले. मी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर गेलो. लिफ्टमध्ये बसत नाही, अडकली तर काय, म्हणून जिन्याने. धाप लागली, बीपी वाढलं असेल, जरा बसलो. सोसायटीच्या सेक्रेटरीशी थोडं बोलणं झालं. खाली आलो तर व्याही तसेच उभे, अंगठा पांढराफटक. म्हणाले, लवकर आलात.
चूक त्यांचीच. ड्रिल मारा असं त्यांनी मला सांगायला नको होतं. सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

२ ऑक्टोबर. दसरा.
हेल्मेटमध्ये बल्ब बसवून दिवा केला. पाच मिनिटं अप्रतिम. मग वास. मग हेल्मेट लांब होत टीपॉयवर आलं. पूर्ण घराची लाइट गेली. आताच्या हेल्मेटांना दम नाही. पण हे आताचं नव्हतं. असो.
व्याह्यांनी ड्रिलला हळदकुंकू लावून शस्त्रपूजा केली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. म्हणाले, पूजेचं हत्यार दिवाळीपर्यंत हलवायचं नसतं. असा नियम मी ऐकलेला नाही. पण देवाधर्माचं काही बोलू नये.

५ ऑक्टोबर.
हॉलची मोठी भिंत एक आणि स्वर्गवासी बायका दोन. मी मुलाचा बाप, तेव्हा माझ्या शकूचा फोटो मोठ्या भिंतीवर, हरणाशेजारी. तिला हरणं आवडत होती का, हे विचारायचं राहूनच गेलं. कुसाबाईंचा फोटो मागच्या बाल्कनीत नेला, वॉशिंग मशीनच्या वर. तिथे उजेड उत्तम.
व्याह्यांनी संध्याकाळी मशीनवर पाट ठेवून उदबत्ती लावली. धुण्याला वास येईल हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

८ ऑक्टोबर. छातीत धडधड.
दीपकचा फोन. अण्णा हल्ली फोनवर बोलत नाहीत, तुमचं पटत नाही का? मी म्हटलं, त्यांना सटाण्याला जायचं असेल तर माझी ना नाही, मी सांभाळतो फ्लॅट. दीपक म्हणाला, नाही नाना, तुम्हाला एकट्याला ठेवणार नाही. एक जण गेला तर फ्लॅट भाड्याने. अण्णा सटाण्याला, तुम्ही कळवणला काकांकडे.
हे आधी सांगायचं असतं.
कळवणला भावजय अंबूबाई आहे. मागच्या खेपेला माझी खाट ट्रॅक्टरशेजारी टाकली होती. तिसऱ्या दिवशी कोंबडीला म्हणाली, तू निदान अंडं तरी देतीस.
व्याही राहिलेच पाहिजेत. त्यांना काही कळत नाही, पण राहिले पाहिजेत.

११ ऑक्टोबर. शनिवार.
रात्रभर विचार केला. उद्या मुलांसमोर व्याह्यांचा मान करायचा. असा, की हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. टोपी, टॉवेल, नारळ. आपल्याकडे पाव्हण्याचा याहून मोठा मान नाही. टॉवेल सोलापुरी घेतला. माणसाला आपलं करायची कला मला उपजत आहे.
फोटो बाल्कनीतून हॉलमध्ये आणावा असं मनात आलं होतं. पण भिंत भरली आहे.

१२ ऑक्टोबर. रविवार.
मुलं आली. नात सृष्टी हरणाला हसली. हसली म्हणजे आवडलं. दीपकने वितळलेलं हेल्मेट उलटंपालटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. हर्षाली हॉलभर फिरली आणि म्हणाली, आईचा फोटो कुठंय? मग हात धुवायला म्हणून मागे गेली, ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. मी म्हटलं, तिथे उजेड चांगला आहे. ती म्हणाली, हो, मशीनचा लाल दिवापण आहे.
मी वेळ घालवला नाही. व्याह्यांना पाटावर बसवलं, टिळा लावला, टोपी घातली, टॉवेल दिला, हातात नारळ ठेवला. म्हटलं, पाव्हणे, तुम्ही इथे राहिलात, आम्हाला फार आनंद झाला.
व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नारळ कपाळाला लावला. म्हणाले, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. आत गेले. पिशवी घेऊन आले, काखेत कुसाबाईंचा फोटो. हर्षाली म्हणाली, अण्णा, अहो थांबा. ते म्हणाले, नको पोरी, मोठ्या माणसानं एवढ्या मानानं निरोप दिला, आता थांबणं बरं दिसत नाही. सटाण्याची चारची गाडी मिळंल.
हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढं ठरल्याप्रमाणे झालं.

१३ ऑक्टोबर.
मुलं काल रात्रीच परत गेली. हर्षाली जाताना पाया पडली, पण वर पाहिलं नाही.
सुलाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, बाबा, टोपी-टॉवेल पाव्हणा निघताना करतात. तुम्ही भरल्या घरात, पोरीच्या देखत, त्यांना वाटेला लावलं. मी म्हटलं, माझ्या मनात तसं नव्हतं. ती म्हणाली, मनातलं टॉवेलावर छापलेलं नसतं.
मला नियम माहीत होता. व्याह्यांनी इतकं शब्दशः घ्यायला नको होतं. शिकलेला माणूस असता तर विचारलं असतं.
गोळी सापडली नाही. घेतली असेल.

१५ ऑक्टोबर. बुधवार.
बाजारात गेलो नाही. पिशवी धरायला कोणी नाही.
पहाटे जाग आली. भांड्यांचा आवाज नाही. छान शांतता. त्यामुळे परत झोप लागली नाही. चहा स्वतः केला. उतू गेला. राहिला तो कडू. व्याही साखर कोणत्या डब्यात ठेवत होते, याची चौकशी करायला फोन लावावा म्हटलं, पण त्यांना वाटायचं मी माफी मागतोय. लावला नाही.
हॉल आता पूर्ण माझ्या मनासारखा आहे. सोफ्यावर बसून सगळा बघितला. मग टीव्ही लावला.

१७ ऑक्टोबर.
दीपकचा फोन. दिवाळीनंतर फ्लॅटमध्ये नर्सिंगच्या मुली राहायला येणार. मी म्हटलं, मीही हेच सुचवणार होतो. कळवणला कळवू का, विचारलं त्याने. मी म्हटलं, घाई नको, माझं बघतो मी. भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, ये की. मागून अंबूबाई कोंबडीशी काहीतरी बोलत होती.

१९ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.
व्याह्यांचा फोन आला. त्यांनीच केला, याची नोंद असावी. हर्षालीने सांगितलं असणार. म्हणाले, झुंबरराव, कळवण कशाला, इकडं या, एक खोली रिकामी शे. मी म्हटलं, सूनबाईच्या माहेरी मुलाच्या बापाने राहायचं, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, लोकांना कांद्याच्या भावातून सवड नाही. मी म्हटलं, बघतो. आवाजावरून वाटलं, त्यांना एकट्याला करमत नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये, म्हणून हो म्हटलं. थोडेच दिवस.
त्यांच्या खोलीला चार चांगल्या वस्तूंची गरज असणार. तसं बोललोही. काय काय आणू, विचारलं.
व्याही मग म्हणाले, तुम्ही या. आणू काही नका.