कोर्टानं मान्य केलेला खोकला

अण्णा, सकाळपासून खोकला येतोय म्हणून तुमची आठवण झाली. एरवी मी तुमची आठवण काढत नाही, तसं ठरवूनच टाकलंय. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे म्हातारे होतात त्यापेक्षा आता मी म्हातारी आहे, त्यामुळे तुमच्यापुढं मान खाली घालून बोलायचं काही कारण उरलेलं नाही.

मी मुंबईला डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि खानावळीचं बेचव जेवूनही ठणठणीत होते. आई गेली आणि तुमच्या जेवणाचे हाल सुरू झाले. स्वयंपाकीणबाईंच्या भाकरीला पापुद्रा सुटत नाही म्हणून तुम्ही माझं नाव मुंबईच्या कॉलेजातून काढून घेतलंत. पुण्याकडच्या कॉलेजात घातलं की पोरगी शनिवारी घरी येईल, आठवड्याच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून ठेवील, हा तुमचा हिशेब. त्या कॉलेजानं कळवलं, सबळ कारणाशिवाय दुसरीकडची मुलं मधूनच घेत नाही, मुंबईच्या टर्म्सही धरणार नाही. पहिल्यापासून सुरुवात करायची तर यावं. मी म्हटलं, करते पहिल्यापासून. तुम्ही म्हणालात, "वकिलाची मुलगी तडजोड करते?" आणि दावा ठोकलात. तोही सोलापुरातच, नकार इथं हातात पडला म्हणून.

सबळ कारण तुम्ही माझ्या छातीत शोधलंत. समुद्राची हवा मुलीला मानवत नाही, क्षयाची शंका आहे. तुमच्या स्नेही डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. मी चुलीपुढं बसलेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे. "रात्री काय होत असे?" "धाप लागत असे." "इतक्या खणखणीत आवाजात धाप लागते होय? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगते. "आता खोक. असं नव्हे, खोलवरून." मला हसू फुटतं. नीट खोकेपर्यंत तुम्ही मला तव्यावरची भाकरी उलटू देत नाही, आणि करपलेली ती भाकरी माझ्याच ताटात पडते.

कोर्टात मी अशी खोकले की शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावला. न्यायाधीशांनी सगळं मान्य केलं, तुम्ही पेढे वाटलेत. मंद्रूपहून आलेला तुमचा एक अशील ओसरीवर पेढा खाता खाता म्हणाला, "वकीलसायेब, पोरीच्या छातीत लई मोटं दुखणं हाय म्हनं? पर ही तर दांडगी दिसती की!" "कोर्टापेक्षा तुला जास्त कळतं?" म्हणून तुम्ही त्याला गप्प केलंत. गावभर ते पसरलं, आणि पुढं माझ्यासाठी एकही स्थळ आलं नाही.

ट्रंक घेऊन आपण पुण्याला गेलो. प्रिन्सिपॉल फार सभ्य गृहस्थ. त्यांच्या टेबलावर निकालाची नक्कल होती. म्हणाले, "कोर्टाचा मान राखून टर्म्स धरल्या. पण क्षयाची शंका असलेल्या मुलीला रोग्यांच्या वॉर्डात जाऊ देता येत नाही, आणि ती शंका कोर्टानंच मान्य केली आहे." मी म्हटलं, तपासा मला, आत्ता तपासा. मग तुमच्याकडं वळले. "अण्णा, सांगा ना यांना, ते सगळं खोटं होतं." तुम्ही पगडी सारखी केलीत. "शपथेवर सांगितलेलं मी फिरवत नाही," म्हणालात. मुंबईची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते आणि तुम्ही दशम्यांचा डबा उघडून जेवलात. जेवता जेवता म्हणालात, "मुद्दा मात्र चांगला काढला त्यांनी." त्या क्षणी तुमचा जो तिरस्कार वाटला तो आजही तसाच ताजा आहे, अण्णा.

आणि मग मी भाकरी थापत राहिले, रोज, शनिवारची वाट न बघता. तुम्हाला मनासारखं मिळालं. शेवटच्या वर्षी तुम्हालाच धाप लागायला लागली, खरीखुरी. पहाटे गिरणीचा भोंगा झाला तरी तुम्ही उशीला टेकून बसलेले असायचात. एकदा म्हणालात, "तुझी ती डॉक्टरी नळी आण की. बघ जरा माझ्या छातीत काय आहे ते." मी दारातूनच म्हटलं, "मला रोग्याजवळ जाता येत नाही, अण्णा. कोर्टानं मान्य केलंय." ताट उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि वळले. मुद्दा चांगला होता. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, दुपारी चुलीत जाईल, म्हणून एक सांगून टाकते. मला आयुष्यभर काही झालं नाही. तरी खोकला आला की मी दार लावून घेते आणि कॉलेजला जाताना तुम्ही घेऊन दिलेली नळी छातीला लावते. आजही लावली. पण त्यात काय ऐकायचं असतं ते कॉलेजात शिकवायच्या आधीच तुम्ही मला परत आणलंत. नुसती धडधड ऐकू येते, आणि तुम्ही कोर्टात खोटं बोलला होतात की खरं, ते मला कळत नाही.